रडकी

माझ्या हातांपेक्षा माझं तोंड जास्त चालतं, असं माझी बायको सारिका लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. शहापुरात मुरबाड रस्त्याला माझं गॅरेज आहे. पंचवीस वर्षं जिपांच्या पोटात हात घालतोय, तेव्हा चार शब्द बोलायचा आपल्याला हक्क आहे, असं मी धरून चाललो होतो. तो हक्क मी कसा वापरला, ते सांगतो.

डोळखांबकडचे भिमादादा माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची जीप साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. सकाळी पाड्यांवरची माणसं भरून शहापूरला आणायची, संध्याकाळी परत न्यायची. गेल्या वर्षी दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांच्या लेकीनं, सोनालीनं, रीतसर लायसन्स काढून स्टिअरिंग हातात घेतलं. तेवीस वर्षांची पोर. दसऱ्याच्या मुहूर्तावर ती पहिली फेरी मारणार होती.

दसऱ्याला माझी एक पद्धत आहे. जुन्या गिऱ्हाइकांची इंजिनं आदल्या दिवशी फुकटात धुऊन द्यायची, म्हणजे पूजेला गाडी आतूनबाहेरून लखलखीत. आधी डिझेल मारायचं, मग पाण्याचा फवारा. पाणी आत जाऊ नये म्हणून इंजिनाची जी जी तोंडं उघडी असतात त्यांत चिंधी कोंबायची. त्यातलंच एक तोंड ब्रीदर पाइपचं, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ जिथून बाहेर पडते त्या नळीचं. चिंध्या भिमादादांच्या घरूनच यायच्या. त्यांची बायको भागीवहिनी जुन्या लुगड्यांचं गाठोडं बांधून पाठवायची. त्या दिवशी माझ्याकडे चौदा गाड्या होत्या आणि मी एकटा होतो.

सोनालीनं हार घातला, नारळ फोडला, फेरी मारली. आठ दिवसांत जीप तेल गाळायला लागली.

शहापुरात डोळखांबच्या जिपा लागतात तिथं तिनं मला बोलावून घेतलं. सगळे ड्रायव्हर चहा पीत उभे होते. बॉनेट उघडून ती म्हणाली, "काका, तेल गळतंय ते गळतंय, पण ही तेल मोजायची कांडी बघा. आपोआप वर येते. मी सुतळीनं बांधून ठेवलीय."

मला हसू आलं. "अगो, तुमचा रस्ता कसला आहे! धक्क्यानं येते ती वर."

"नाय काका. सपाट रस्त्याला पण येते. आतून कोन ढकलल्यासारखी."

एवढ्या माणसांत एक पोरगी मला इंजिन शिकवते, हे मला झोंबलं. इथं खरं तर गप्प बसायचं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो, "बाईच्या हातात गाडी गेली, मग इंजिन रडणारच ना!"

काय हशा पिकला! महिपत नावाचा एक ड्रायव्हर आहे, त्यानं तर चहा सांडला अंगावर. त्या दिवसापासून जिपेचं नाव पडलं रडकी. पुढं पुढं ते नाव जिपेवरून सोनालीवर आलं. "चला, रडकी लागली," असं म्हणून माणसं दुसऱ्या गाडीत जाऊन बसायला लागली.

काम मी मन लावून केलं, नाही असं नाही. गळती शोधायची माझी रीत अशी, की इंजिन पुसून कोरडं करायचं, वर तांदळाचं पीठ भुरभुरायचं आणि गाडी चालू ठेवायची. पीठ जिथं भिजेल तिथं दोष. या जिपेचं पीठ तीन ठिकाणी एकदम भिजलं, वरच्या कव्हरला, पुढच्या सीलला आणि खाली तेलाच्या चेंबरला. एका जागेवरून गळलं तर तिथलं पॅकिंग गेलेलं असतं. पण चांगली गाडी आठ दिवसांत तिन्हीकडून गळायला लागली, तर आतला दाब अडलाय का ते आधी बघायचं असतं. हे मला येत होतं. तरी मी दोन वेळा पॅकिंग बदललं, सील बदललं, आणि पुन्हा गळल्यावर भिमादादांना म्हणालो, "दादा, इंजिनाचं वय झालं. त्यात पोरीनं वाटेल तसं दामटलं."

दादांनी घरी जाऊन सोनालीच्या हातातून चावी काढून घेतली. सोनाली आसनगावच्या एका गोदामात खोकी भरायला जायला लागली. जीप अंगणात उभी राहिली. शेवटी मुरबाडच्या एका भंगारवाल्याशी दादांचं बोलणं झालं, आणि गाडी तिकडे पोचवायचं काम त्यांनी माझ्यावरच टाकलं. म्हणाले, "तुमच्या हातून जाऊ दे मिस्त्री. तुमी लय केलंत तिच्यासाठी."

फेब्रुवारीतला सोमवार होता. किन्हवली मागं टाकली आणि पुढं नवा सिमेंटचा रस्ता लागला. कपातला चहा हिंदकळणार नाही असा रस्ता. सरळगावच्या अलीकडे प्रेमाबाईच्या टपरीवर थांबलो, तेल बघावं म्हणून बॉनेट उघडलं. सोनालीची सुतळी अजून तशीच होती. ती ताणली गेली होती आणि कांडी बोटभर वर आली होती.

धक्का तर एकही बसला नव्हता.

मी इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं. आतून धुराचा भपका आला. मग गाडीखाली शिरलो, ब्रीदर पाइपच्या तोंडात बोट घातलं, काहीतरी लागलं. पक्कडीनं ओढलं तर काळी, तेलानं माखलेली चिंधी हातभर बाहेर आली. एका कडेला हिरवी किनार. भागीवहिनीचं लुगडं. ती आत कोंबणारा हात माझा होता.

टपरीवरून मूठभर तांदळाचं पीठ मागून घेतलं. इंजिन पुसलं, पीठ भुरभुरलं, अर्धा तास चालू ठेवलं. पीठ पांढरंच्या पांढरं राहिलं. प्रेमाबाई म्हणाली, "काय पूजा करतोस काय रे?" चार महिने एका पोरीला मी चोर ठरवलं होतं आणि चोरी माझी होती.

भंगारवाल्याला नकार कळवला आणि भिमादादांना फोन लावला. "दादा, गाडी भंगारात देत नाही. दोष सापडला. गळणं थांबलं."

पुढचं बोलायच्या आत दादा आनंदानं ओरडलेच, "बगा! पोरीच्या हातातून काढली नि गाडी सुधारली! तुमी बोललात तेच खरं, मिस्त्री."

आणि मी "हं" म्हणालो.

पहिली चूक विसरण्याची होती, ती कुणाचीही होते. हे "हं" मात्र मी शुद्धीवर असताना म्हटलं होतं. चिंधी शेताच्या बांधापलीकडे फेकली असती तर मी गाडी वाचवणारा मिस्त्री झालो असतो आणि ती जन्मभर रडकी राहिली असती. तो विचार माझ्या मनात आला होता, हेही लपवत नाही. दोनदा हात उचलला मी. मग चिंधी खिशात घातली आणि गाडी आसनगावकडे वळवली.

गोदाम चारला सुटलं. बायकांच्या घोळक्यातून सोनाली आली, जीप बघून थबकली. "हिला तर मुरबाडला न्यायची होती ना?"

मी चिंधी पुढं केली. तिनं किनार बोटानं चोळून पाहिली. "ही आयच्या लुगड्याची. कुटं होती?"

सांगितलं सगळं. ते "हं"सुद्धा. वाटलं रागावेल, निदान रडेल. म्हणालो, "सोनाली, चुकलो गो मी. आधी तुला सांगायला आलो."

"मला काय सांगता काका?" ती म्हणाली. "मी काय केलं नाय, हे मला ठावंच होतं. ज्यांना ठाव नाय त्यांना सांगा."

मग आम्ही शहापूरला आलो. गाडी मीच चालवत होतो. डोळखांबच्या जिपांपाशी तेच ड्रायव्हर, तोच चहा. भिमादादांना मी फोन करून बोलावून घेतलं होतं, ते बाकड्यावर बसले होते. मी मधोमध उभा राहून चिंधी वर धरली आणि दसऱ्यापासूनचं सगळं सांगितलं. कांडी वर येते हे या पोरीनं पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, आणि मी तिला हसलो, हेही सांगितलं.

वाटलं, आता मला नाव पडेल. पडायलाच हवं होतं. महिपत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जाऊ दे रे रविंद्र. एवढी गाड्यांची गर्दी, माणूस आहे, विसरतो. चहा घे."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. माझी केलेली चूक चहा निवायच्या आत मिटली. तिची न केलेली चार महिने चालली होती, आणि ती चालवणाऱ्यांत पहिला मी होतो. तो चहा मी तसाच बाकड्यावर ठेवला.

भिमादादा उठले. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून हातानं चाचपत ते लेकीपर्यंत गेले. "मी पण ऐकलं गो यांचं," एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले. मी चावी तिच्या हातात दिली.

तिनं बॉनेट उघडलं. सुतळी सोडली. माझ्या हातातली चिंधी घेतली, कांडी काढून तिनंच पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि सवयीनं माझ्यासमोर धरली. "बगा काका, बरोबर आहे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला नको विचारू," मी म्हणालो. "तूच सांग."

तिनं कांडी उजेडाकडे धरली, निरखून बघितली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.