मानेवरची गाठ

मेंढराला सूज आली की लोकं पार वळसंगास्नं आमच्याकडं यायची. आमचं मालक, सिद्धाप्पा, त्या कामात लई नावाजलेलं. तापल्या विळ्यानं गाठ फोडायची, दाबून सगळं काढायचं, वर हळद चेपायची. जनावर दुसऱ्या दिवशी चरायला. त्यामुळं त्यांच्यापुढं कुनाची मात्रा चालायची न्हाय, माझी तर न्हायच.

त्या साली फाशीच्या रोगानं शेजारची मेंढरं उभ्या-उभ्या पडली. म्हनून सोलापुरास्नं सरकारी डाक्टर आलं, आमच्या समद्या मेंढरांना मानेत सुई टोचली. जाताना नीट बसून सांगितलं, ह्या नव्या औषधात रिठ्याच्या फेसासारखं कायतरी मिसळलंय, त्यानं गाठ येनार. त्या गाठीनंच अंगातलं रगत जागं व्हतं, रोगाशी भांडायला शिकतं. ती आपसूक जिरू द्या, हात लावू नका. मालकांनी मान डोलावली. डोलवायला काय जातंय!

दोन दिवसांत टम्म गाठी आल्या. मेंढरं माना खाली घालून उभी, पाल्याला तोंड लावीनात. मालकांचा जीव ऱ्हाईना. विळा तापवला. मी आडवी गेले, भांडले, तर म्हनले, डाक्टर गेला होटगीच्या गाडीनं, मेंढरं माझी हायत. एकेकीला पोरासारखं चुचकारून गाठी फोडल्या. काळी मेंढी तेवढी मी कवेत आवळून बसले. आमच्या लेकीला, सोजरला, सासरी जाताना द्यायची व्हती ती. तिला हात लावू दिला न्हाय.

पावसाळ्यात फाशी आमच्या मेंढरांच्या वाड्यात शिरली. नाकातनं रगत, चार पाय झाडले की संपलं. अख्खा कळप गेला. काळी तेवढी ऱ्हायली.

डाक्टर पुन्हा आलं. रिकामा वाडा बघून मटकन खाली बसलं.

मालकांनी विचारलं, "सायेब, मी गाठी फोडल्या, म्हनून गेली का वो?"

डाक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हनले, "नाही सिद्धाप्पा, औषधच कमी पडलं असेल." भला मानूस.

मालकांनी काळीला जवळ ओढलं. तिच्या मानेवर बारीक गाठ अजून हाताला लागत व्हती. तिच्यावर बोट ठेवून म्हनले, "मग ही कशी जगली?"

इतके दिस मी मालकांवर दात-ओठ खात व्हते, एकदा तोंडावर बोलून मोकळं व्हायचं ठरवलं व्हतं. त्यांचा तो सवाल ऐकला आनि मलाच रडू कोसळलं.