पटलं म्हणेपर्यंत

पिच्चर काढणाऱ्यांना कोणीतरी एकदा समोर बसवून इचारलं पायजे. माणूस काचंच्या पेटीत ऐंशी वर्षं झोपतो, मग उठून बसतो, आन गालावर दाढीचा एक केस न्हाई. नखं कोण कापत व्हतं ह्याची? मी बत्तीस वर्षं कॅसलरॉकच्या घाटात कीमन म्हणून काढली. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळांवरनं चालायचं आन रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकत जायचं, हे काम. एका पावसाळ्यात लोखंड कसं बदलतं ते ह्या डोळ्यांनी बघितलंय. आन माणूस म्हणं ऐंशी वर्षं हाय तसा. थापा नुसत्या.

दुसरं ते अवकाशातलं भांडण. दोन यानं एकमेकांवर आदळतात आन धडाम करून आवाज येतो. आरं, रुळाला कान लावला की लांबची गाडी कळते, कारण मधी लोखंड हाय. तिथं वर मधी काय हाय? वाराबी न्हाई. मग धडाम आलं कुठनं?

हे सगळं मी सुंदरीला ऐकवायचो. सुंदरी म्हंजे माझी बायको, माहेर गुंदचं. आमची एकच पोरगी, अश्विनी, लगीन करून वास्कोला दिल्याली. ती पेन ड्राइव्हमधी पिच्चर भरून ओळखीच्या गार्डाच्या हातनं धाडायची. रिटायर झाल्यावर रविवारी दुपारी जेवलं की टीव्हीला ते लावायचं आन दोघांनी बघायचं, एवढीच आमची चैन. सुंदरीला सगळं खरं वाटायचं. मी खोटं म्हटलं की ती म्हणायची, आसंल की, आपल्याला काय ठावं. मग माझं डोकं फिरायचं.

ती बोलून भांडायची न्हाई. तिचा बा शिगम्यात सोंगं घ्यायचा, पंचक्रोशीत नाव व्हतं त्याचं. तेच वारं हिच्या अंगात. मी जे व्हणार न्हाई म्हणंन, ते ती सोंग घेऊन करून दाखवायची, आन मी 'पटलं' म्हणेपर्यंत सोंग सोडायची न्हाई. हा तिचा नेम. मीबी हेकट, लवकर म्हणायचो न्हाई. त्या पेटीतल्या माणसाचा पिच्चर बघितला त्या दिवशी ती दीड तास खाटंवर मढ्यासारखी पडून ऱ्हाईली. चुलीवर भात करपला, मांजरानं दूध सांडलं, तरी पापणी हलवली न्हाई. शेवटी मीच हरलो. मग उठून अशी हसली की शेजारची फुला बघायला आली, काय झालं म्हणून.

आता जे झालं ते सांगतो. गेल्या माघातली गोष्ट, उळवीची जत्रा चालू व्हती. त्या रविवारचा पिच्चर एका यंत्राच्या बाईचा. ती घरकाम करती, आन शेवटी तिची उजवी बाजू बंद पडती. हात लोंबतो, तोंड वाकडं व्हतं, तरी एका पायावर फरपटत जाऊन ती मालकाच्या पोरीला आगीतनं बाहेर काढती. मी म्हटलं, साफ खोटं. एक बाजू बंद पडल्यावर ते उभं ऱ्हाईलच कसं? सुंदरी चहा ठेवते म्हणून आत गेली.

थोड्या वेळानं ती सैपाकघराच्या दारात येऊन उभी ऱ्हाईली. उजवा हात लोंबत व्हता, तोंड एका बाजूला गेल्यालं. कायतरी बोलायला गेली तर नुसता घशातनं आवाज आला. मी हसलो. देवाशप्पत सांगतो, टाळी वाजवून हसलो. म्हटलं, आज जमलं न्हाई, पाय बरोबर धरला न्हाईस.

ती भिंतीला धरून खाली बसली आन माझ्याकडं बघत ऱ्हाईली. मी मनात म्हटलं, बस, आज मी हरणार न्हाई. पेन ड्राइव्हमधला दुसरा पिच्चर लावला. मधीमधी तिच्याकडं बघून चिडवायचो, अगं चहा कुठं हाय, का यंत्राला चहा येत न्हाई. तेवढ्यात दुपारची गाडी आली. घाट उतरायच्या आदी हितं ब्रेक तपासतात, म्हणून धा-बारा मिनटं थांबते. थांबली आन गेली. माझं घर स्टेशनापासनं हाकंच्या अंतरावर. मी ती गाडी कानानं ऐकली आन पिच्चर बघत बसलो.

दोन तासांनी तिचं लुगडं खाली ओलं झाल्यालं दिसलं. सोंगात माणूस तसं करत न्हाई. मी तिच्याम्होरं गुडघ्यावर बसलो, तोंड दोन्ही हातांत धरलं आन म्हटलं, पटलं. सुंदरे, पटलं मला, ऊठ. किती येळा म्हटलं ते ठावं न्हाई. ती बघत व्हती फक्त.

गावातल्या जीपा सगळ्या उळवीला गेल्याल्या. अंधार पडल्यावर पुढची गाडी मिळाली. गोव्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं कधी झालं ते इचारलं, ते मी खरं सांगितलं. मग तो म्हणाला की दोन-तीन तास आदी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. वास्कोवरनं धावत आल्याली अश्विनी शेजारी उभी व्हती. तिनं इचारलं, एवढा उशीर कसा झाला आप्पा? माझ्या तोंडातनं निघून गेलं, दुपारची गाडी आलीच न्हाई, मागंच कुठंतरी अडकल्याली.

रेल्वेत जन्म गेल्याला बाप सांगतोय म्हटल्यावर पोरगी कशाला शंका घेईल? तिनं रेल्वेला शिव्या घातल्या. पुढंबी घालत ऱ्हाईली. म्हणायची, आप्पा, तुम्ही पावसापाण्यात त्यांचे रूळ राखले, आन तुमच्या येळंला त्यांना एक गाडी सोडता आली न्हाई. मी मान खाली घालायचो. ज्या रुळांनी मला पोसलं, त्यांच्यावर मी आळ घातला.

सुंदरीचा उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. समज मात्र सगळी हाय, हे डॉक्टरनंच सांगितलं. तवापासनं मी तिचं सगळं केलं. न्हाऊ घालायचो, भरवायचो, कुशीवर वळवायचो. पोरगी आली की आप्पांची कमाल हाय म्हणायची, आन सुंदरी तिकडनं माझ्याकडं बघायची. त्या नजरंत काय व्हतं ते मला एकदाबी कळलं न्हाई. किती येळा पाया पडलो तिच्या. माफ केलं तर डोळं मीट म्हटलं. डोळं तर माणूस उगीचबी मिटतो.

ह्या दिवाळीला अश्विनी आन जावई रोहन आले. नवा पिच्चर आणल्याला. एक मुका माणूस, त्याच्या डोक्यावर टोपी घालतात, आन त्याच्या मनातलं सगळं पडद्यावर अक्षरांत उमटतं. सुंदरीला उशीला टेकवून आम्ही बघत बसलो. पिच्चर सपल्यावर अश्विनी म्हणाली की हे आता खोटं ऱ्हाईलं न्हाई, तिनं बातमीत वाचलंय. लकव्यानं वाचा गेल्याल्या माणसांच्या डोक्याला तारा जोडून त्यांचं बोलणं काढायला लागलेत. आईच्या जल्मात आपल्याकडं आलं तर किती बरं, आई काय काय बोलंल.

मी ओरडलो की असलं काय व्हत न्हाई, पिच्चरवाले लोकांना येडं बनवतात, मनातलं कोणाला वाचता येत न्हाई. वाटी हातात व्हती, ती खाली आदळली. पोरगी हळूच म्हणाली, "आप्पा, पिच्चरला तुम्ही एवढं भ्यालाय कशाला?"

आन मला एकदम वाटलं, हे तारांचं यंत्र येईल न्हाईतर न येईल, पण ही बाई माझं खोटं मुक्यानं वागवतीय. नवऱ्याचं पाप तोंडात धरून तिनं मरायचं व्हय?

"त्या दिवशी गाडी अडकली न्हवती," मी म्हटलं. "येळंवर आली आन गेली. तुझी आई ह्या भिंतीला टेकून बसल्याली, आन मला वाटलं सोंग घेतलंय."

"किती वेळ?"

"दोन तास. मी पिच्चर बघत व्हतो."

ती उठून परसात गेली आन घासल्याली भांडी परत घासत बसली. दोन दिवस तिनं मला जेवायला वाढलं, पण तोंडाकडं बघितलं न्हाई. तिसऱ्या दिवशी भिंतीला सांगितल्यासारखं बोलली, आईला मी वास्कोला न्हेते. मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणणार? सुंदरीची लुगडी घडी करून पिशवीत भरली. तिला भात कसा मऊ करून लागतो, रात्री कोणत्या कुशीवर झोप लागते, ते रोहनला सांगितलं. त्यानं कागदावर लिहून घेतलं.

दुपारच्या गाडीला मी आन रोहननं तिला उचलून डब्यात न्हेलं, खिडकीजवळ बसवलं. मी वाकून तिचा पदर नीट करत व्हतो, तवा तिनं डाव्या हातानं माझ्या शर्टाची छाती धरली. घट्ट. बाहेर ब्रेक तपासून झाले, गार्डानं शिट्टी दिली, तरी सोडंना. ती मूठ रागाची का मायेची, हे मला अजून ठावं न्हाई. आता कळायचंबी न्हाई.

अश्विनीनं एक बोट उचलून बघितलं आन हात मागं घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली, "आप्पा, तुम्हीच सोडवा. माझ्यानं व्हईत न्हाई."

मग मीच सोडवली. करंगळीपासनं सुरू केलं, एकेक बोट. आंगठा शेवटी सुटला.