बोलण्याआधी दोन फवारे

लिलावघरात त्याला भोंगा म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. जुन्या सामानाचा लिलाव पुकारण्यात त्याची उभी हयात गेली. कुणाचं कपाट, कुणाचा पलंग, कुणाच्या आजीचं शिवणयंत्र, जे पुढ्यात येईल ते. भोंग्याने "एकवार, दोनवार, तीनवार" म्हणून हातोडा टेकवला की रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यालाही कळायचं, काहीतरी विकलं गेलं. घरी आला तरी आवाज तोच. बायको म्हणायची, "अहो, मी इथेच बसलेय. आणि मला कुणी विकत घेत नाहीये." शिवाय पोटात काही राहायचं नाही ते वेगळंच. याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं अख्खं लिलावघर म्हणायचं.

आता खरोखरच भिजत नव्हता. बायको गेली, मागोमाग रक्तदाबाची आणि झोपेची गोळी आली, आणि तोंडातली लाळ अशी आटली की पावाचा तुकडा गालात कोरडाच फिरत राही. दाताच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. हिरडीलगत ओळीने कीड लागली होती. "लाळ म्हणजे दातांची राखणदार, काका," ते म्हणाले. "राखणदार गेला की चोरांचं राज्य." भोंग्याने मान हलवली. दातांचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्याचं दुखणं दुसरंच होतं.

त्याची मुलगी दूरदेशी असते. तिला घरात ठकी म्हणत, कारण लहानपणी ती भल्याभल्यांना गुंडाळून ठेवायची. झोपायची वेळ झाली की भोंगा खाटेशी उभा राहून पुकारायचा, "एकवार... दोनवार..." आणि तीनवारच्या आत ठकी पांघरुणातून ओरडायची, "थांबा, बोली आहे!" बोली आली की हातोडा थांबवायचा, हा धंद्याचा नेम. मग आणखी एक गोष्ट सांगावी लागे. नेम मोडायची भोंग्याची कधी छाती झाली नाही.

आई गेली तेव्हा ठकी वेळेवर पोचू शकली नाही. विमान चुकलं. ती आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. थोडे दिवस राहिली, घर आवरलं, परत गेली. त्यानंतर एका रविवारी तिचा फोन आला आणि ती एकदम म्हणाली, "बाबा, मी पोचले नाही म्हणून तुमचा राग आहे ना माझ्यावर? खरं सांगा."

राग कसला? असं त्याला म्हणायचं होतं. वेडी का काय तू, तुझी आई शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती, हेही सांगायचं होतं. पण जीभ टाळ्याला जी चिकटली ती सुटेना. सोडवायला गेला तर तोंडातून नुसतं "च्च" निघालं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "च्च". आता कुणाच्याही घरी "च्च" म्हणजे नाराजीच, ते सांगायला नको. ठकी बारीक आवाजात म्हणाली, "बोला ना बाबा. एकवार." थांबली. "दोनवार." बराच वेळ थांबली. भोंगा पाण्याचा पेला शोधत स्वयंपाकघरात धावला, दाराला खांदा आपटला, नळ सोडला. "तीनवार," ठकी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोनवर नुसते लिहिलेले निरोप. जेवलात का? हो. गोळ्या घेतल्या का? हो. तुम्ही म्हणाल, मग लिहूनच टाकायचं की खरं काय ते. पण ज्याने जन्मभर आवाजावर पोट भरलं त्याने पोरीची समजूत अंगठ्याने घालायची? त्याला ते जमेना. आणि फोन लावायला घेतला की तसाच खाली ठेवायचा, पुन्हा तेच "च्च" निघालं तर?

दाताच्या डॉक्टरांनीच मग त्याला इस्पितळाच्या मागच्या इमारतीत पाठवलं. तिथे कोरड्या तोंडावरच्या एका नव्या फवाऱ्याचा अभ्यास चालला होता. भिंतीला जबड्याची चित्रं, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, टेबलावर छोटा तराजू आणि एक घड्याळ. अभ्यासाचं काम बघणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी सगळं नीट समजावलं. अर्ध्या लोकांच्या बाटलीत खरं औषध, अर्ध्यांच्या बाटलीत नुसतं चवीचं पाणी.

"माझ्यात काय आहे?"

"ते मला ठाऊक नाही, काका. डॉक्टरांनाही नाही. ठाऊक असलं तर आपला कल पडतो."

"मग कुणाला ठाऊक?"

"संगणकाला."

"म्हणजे देवासारखंच," भोंगा म्हणाला. "सगळं ठाऊक, सांगायचं काही नाही."

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांत भोंग्याच्या बोलण्याला कुणी हसलं नव्हतं. त्याच्यापुढे ताटात ऊन अन्न वाढावं तसं त्याला झालं. बाईंनी बाटली हातात देऊन बजावलं, "बोलण्याआधी दोन फवारे जिभेवर. विसरू नका." तो नाही विसरला.

महिन्याने तो परत आला. बाईंनी बाटली तराजूवर ठेवली, काटा पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला. "काका, ही जशीच्या तशी आहे. तुम्ही औषध घेतलंच नाहीत?"

"घेणार होतो की. तुम्हीच म्हणालात, बोलण्याआधी."

"मग?"

"मग काय. बोलायची वेळच आली नाही."

बाईंना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्या हसायला लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. भोंगा खिडकीकडे बघत होता. खोटं कशात होतं? दुकानात सामान स्वतःच उचलायचं, यंत्रापुढे धरायचं, पैसे यंत्रातच टाकायचे. जिन्यात शेजारी भेटले की मानेला मान हलते. टपालवाला पेटीत टाकून जातो. बोलण्याआधी म्हणजे बोलण्याआधी. त्याने बाटली रोज सकाळी खिशात घातली होती आणि रोज संध्याकाळी तशीच काढून ठेवली होती. त्याला एकटं वाटत होतं, इतकी साधी गोष्ट होती, पण ती तराजूवर चढेपर्यंत त्याच्याही लक्षात आली नव्हती.

"बघा काका," बाई हळू म्हणाल्या, "पुढच्या वेळीही बाटली भरलेली आली तर मला तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

अभ्यासातून काढलं म्हणजे फवारा गेला, फवारा गेला म्हणजे ठकीशी बोलायची आशा गेली, आणि महिन्याकाठी हसणाऱ्या या बाईही गेल्या. दुसऱ्या कुणी बाटली नळाखाली रिकामी करून आणली असती. पण भोंग्याने लिलावात कधी हवेतली बोली घेतली नव्हती. कुणी हात वर केला नसताना भाव वाढवणारे पुकारे त्याला माहीत होते, त्यांच्या पंगतीला तो बसला नव्हता. बाटली रिकामी करायची तर बोलूनच.

आणि मग आमचे भोंगोबा गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडले. न्हाव्याकडे गेला, दाराबाहेर दोन फवारे मारले आणि आत शिरला. न्हावी स्वतःच इतका बोलला की दोन्ही फवारे वाया गेले. पहारेकऱ्याला विचारलं, पाऊस पडेल का. पहारेकरी म्हणाला, पडेल. संपलं. विजेच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला तर एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, एक दाबा, दोन दाबा. त्याने तिच्याशी बराच वेळ छान गप्पा मारल्या. मागाहून मनाला टोचणी लागली, म्हणून पुढच्या फेरीत त्याने अभ्यासाच्या बाईंना विचारलंच, "यंत्राशी बोललेलं धरता का?"

"विजेबद्दलच बोललात?"

"आधी विजेबद्दल. मग म्हटलं, तुमचा आवाज गोड आहे."

"धरू या," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की काय, भोंग्याने विचारलं नाही.

बाटली कमी होत चालली. तोंडही जरा सैल झालं, निदान त्याला तसं वाटे. औषधाने की पाण्याने की तोंडाला काम मिळाल्याने, ते संगणकच जाणे. पण ही सगळी चिल्लर होती, हे भोंगा ओळखून होता. खरं गिऱ्हाईक एकच. शेवटच्या महिन्यात त्याने हिय्या केला. खुर्चीत ताठ बसला, दोन फवारे मारले, ठकीचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजली आणि जीभ जागच्या जागी वाळली. त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग रोजच. चार शब्दांसाठी त्याने इतके फवारे मारले की बाटली तळाला गेली, आणि शब्द एकही खर्ची पडला नाही.

शेवटच्या तपासणीला बाईंनी तराजू पाहिला. "वा, काका. या महिन्यात अगदी भरपूर बोललात की."

भोंगा तराजूच्या काट्याकडे बघत राहिला. तोंडावर खोटं बोलवेना आणि खरं सांगायची लाज वाटली.

त्या दिवशी लाळेचं माप घ्यायचं होतं. दर फेरीला घेत, पण आजचं सगळ्यात महत्त्वाचं. सकाळपासून उपाशी यायचं, मान खाली घालायची, ओठाशी काचेची नळी धरायची आणि लाळ आपसूक ओघळू द्यायची. पाच मिनिटं. गिळायचं नाही, बोलायचं नाही. "आणि ऐका," बाई म्हणाल्या, "ज्यांचा आजचा नमुना नीट मिळेल त्यांनाच पुढच्या वर्षभराच्या टप्प्यात घेणार आहेत. दर महिन्याला भेटू. पुन्हा नमुना घेता येत नाही, तेवढं सांभाळा."

आणखी वर्षभर. भोंग्याने मान खाली घातली आणि नळी अशी धरली की कुणी तिला हात लावला असता तर चावलाच असता. पहिल्या फेरीला काच नुसती धुरकट झाली होती. आज थेंब जमत होता. एक पडला, दुसरा लोंबायला लागला. बाई घड्याळाकडे बघत होत्या. मिनिटं सरत होती.

शेवटचं मिनिट उरलं आणि टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. बाईंनी वाकून पाहिलं. "ठकी म्हणून कुणीतरी आहे. बंद करते."

भोंग्याने हात पुढे केला. मान वर न करता, पण असा की बाईंना फोन द्यावाच लागला. "ऐका हवं तर," त्या कुजबुजल्या. "पण बोलू नका, काका. थोडंच राहिलंय. बोललात तर सगळं जाईल."

त्याने फोन कानाला लावला.

"बाबा? काय झालंय? रोज फोन करता आणि वाजतो न वाजतो तोच ठेवता. मी कामावर असते, घेईपर्यंत बंद. बरे आहात ना तुम्ही? बाबा?"

नळीत तिसरा थेंब पडला. ठकीला याच्या बाजूचा फक्त श्वास ऐकू येत असणार. तसाच श्वास, त्या रविवारचा.

"रागच असेल तर रागावून घ्या एकदाचं. पण असं नका करू. मला इथे काही सुचत नाही." ती थांबली. बाईंनी बोट वर करून खूण केली, झालंच आता. "नाही बोलणार? बरं. एकवार."

भोंग्याने डोळे मिटले.

"दोनवार."

नळी टेबलावर आडवी झाली आणि जमवलेलं सगळं लाकडावर पसरलं. भोंग्याने मान वर केली, तोंडातलं होतं नव्हतं ते गिळलं, आणि लिलावघरात भिंतीभिंतीवर आदळून घुमायचा तो आवाज, चिरका आणि घोगरा का होईना, त्या छोट्या खोलीत निघाला.

"थांब. बोली आहे."

पलीकडे ठकी रडायला लागली. बाईंनी घड्याळ बंद केलं, नळी उचलून हात धुवायच्या भांड्यात ठेवली, आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं. "राग कसला, वेडे," भोंगा म्हणत होता. "ऐक, तुझ्या आईचं सांगतो, शेवटचं." आणि तो सांगत बसला. मध्ये दोनदा "च्च" झालं, तेव्हा त्याने तिला त्याचंही कारण सांगितलं. बोलण्याआधीचे दोन फवारे त्या दिवशी राहिले ते राहिलेच.