चहासाठी वाजलेली घंटी

मित्रांनो, डोक्यावर बोट दाबलं की 'टिंग' म्हणायचं, एवढंच काम जिला नेमून दिलेलं होतं, अशी मी एक जुनी पितळी घंटी आहे. माझा आकार उपड्या वाटीसारखा. वर एक बटण, खाली लाकडी बैठक आणि पोटात लोखंडाचा लहानसा ठोका. तो मला आतून मारतो आणि मी गोड बोलते. आयुष्यभर मार खाऊन गोड बोलायचं, हे आमच्या कुळाचं व्रतच आहे. पण आज मी गोड बोलणार नाही. आज मला जरा मनातलं बोलू द्या.

माझा जन्म १९६२ सालचा. तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची धुराडी नुकती उठत होती. एका छोट्या वर्कशॉपात भिमाजी नावाच्या टर्नरने उरलेल्या पितळेचा तुकडा लेथवर लावला आणि मला घडवलं. त्याने मला वाजवून पाहिलं, नाक मुरडलं आणि पुन्हा थोडं पातळ केलं. आवाज भिंतीपलीकडे गेला नाही तर घंटी कसली, असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्या खेपेला मी वाजले तेव्हा लांब फाटकाजवळचा वॉचमन वळून बघू लागला. भिमाजी खूश झाला. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं आणि खरं कौतुक तेच.

मला विकत घेतलं जयसिंगरावांनी. हे रहाटणीचे. बापजाद्यांची जमीन कारखान्यांना गेली, हातात पैसा खुळखुळू लागला आणि त्यांनी नट-बोल्टचं वर्कशॉप काढलं. त्यांच्या टेबलावर मी सोळा वर्षं काढली. दारात खंडू नावाचा शिपाई स्टुलावर बसायचा. तो मावळातला, कमी बोलणारा, पण कानाचा तिखट. त्याची आणि माझी एक भाषा ठरलेली होती. एक टिंग म्हणजे चहा. दोन टिंग म्हणजे टाइमकीपरला बोलाव. तीन टिंग म्हणजे बाहेर थांबलेल्या माणसाला आत सोड. बहुतेक वेळा आत येणारा कामगार असायचा आणि हातात मेमो घेऊन मान खाली घालून बाहेर पडायचा. तेव्हा मला वाटायचं, आपलं काम फक्त वाजायचं. आत काय होतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? मित्रांनो, टेबलावर राहून मीही थोडी टेबलासारखीच झाले होते.

आता मुख्य गोष्ट ऐका. आणीबाणी उठली, सरकार बदललं आणि जो तो मानवी हक्कांविषयी बोलू लागला. काल ज्यांच्या तोंडून 'शिस्त' हाच शब्द निघत होता, ते आज 'स्वातंत्र्य' म्हणताना गहिवरू लागले. मावळ विद्यापीठाने ठरवलं की चिंचवडला मानवी हक्क संस्था काढायची. जयसिंगरावांनी इमारत दिली. इमारत देणारा माणूस फुकट देत नाही. संस्थेचा पहिला संचालक निवडायच्या समितीचं अध्यक्षपद त्यांनी पदरात पाडून घेतलं. त्यांच्याबरोबर मी आणि खंडूही त्या नव्या इमारतीत गेलो.

तिथे माझी गंमतच झाली. विद्यापीठाच्या इभ्रतीला पितळी घंटी शोभत नाही म्हणून टेबलाखाली विजेचा बझर बसवला. बटण आत आणि आवाज बाहेर खंडूच्या डोक्यावर. उमेदवाराला बोलवायचं ते फक्त बझर दाबून, असा लेखी नियम झाला. मला मात्र टेबलावर ठेवून दिलं. कशासाठी? तर चहासाठी. चहाला बझर वापरणं बरं दिसत नाही, असं समितीतले प्राचार्य म्हणाले. एवढ्या एका मुद्द्यावर त्यांनी पाऊण तास चर्चा केली. संस्था काय करणार, कुणासाठी करणार, यावर पाच मिनिटंही बोलले नाहीत.

कारण ते सगळं आयतं लिहून आलं होतं. कुसुमताई भालशंकर नावाच्या बाईंनी सतरा पानांचा आराखडा पाठवला होता. त्या बौद्ध कुटुंबातल्या, वडील फौंड्रीत होते. स्वतः वकील, कायद्याच्या कॉलेजात शिकवायच्या आणि आणीबाणीत आत टाकलेल्या कामगारांच्या बायकांचे अर्ज फुकट लिहून द्यायच्या. आराखड्यात पहिलंच काम त्यांनी लिहिलं होतं, की चाकणपासून पिंपरीपर्यंत जी कंत्राटी माणसं राबतात पण कुठल्याच हजेरीपटावर नसतात, त्यांची नावनिशीवार नोंद करायची. समितीने तो आराखडा उचलला, त्यावरून संचालकाच्या जागेची जाहिरात काढली आणि त्या जागेसाठी कुसुमताईंनीच अर्ज केला. सरळ हिशेब होता. जिने घराचा नकाशा काढला, तिने घर बांधावं. दहा वर्षांची त्यांची धडपड त्या एका जागेवर येऊन थांबली होती. विद्यापीठाचा शिक्का पाठीशी असला की कारखान्याचं फाटक उघडतं, नुसत्या वकिलाला ते उघडत नाही, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

दुसरा अर्ज होता किसनरावांचा. हे जयसिंगरावांचे साडू, एका कंपनीतले निवृत्त पर्सोनेल मॅनेजर. माणसं कामावरून काढण्यात त्यांची हयात गेली होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते असं.

मुलाखतीचा दिवस ठरला गुरुवार. मित्रांनो, साऱ्या जगाची सुट्टी रविवारी, पण आमच्या भागातल्या कारखान्यांची गुरुवारी. आणि त्याच दिवशी दुरुस्तीच्या नावाखाली अकरा ते चार लाईट जायची. हे चिंचवडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जयसिंगरावांना ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी माझा ठोका काढून त्याच्या हातात देईन.

सकाळी दहा वाजता बझर घणघणला आणि किसनराव आत आले. मुलाखत कसली, सोयरिकीच्या गप्पाच त्या. आंब्याला यंदा मोहोर कसा आहे, हे विचारून झालं. मग तिसरे सदस्य होते, एक निवृत्त अधिकारी, त्यांना आठवलं की काहीतरी विचारायला हवं. मानवी हक्क म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. किसनराव म्हणाले, आधी कर्तव्य, मग हक्क, आणि कर्तव्य कधीच पुरं होत नसतं. समितीने वाहवा केली. मला तर डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला, पण मला हातच नाहीत.

अकराला पंखा थांबला. एप्रिलचा उकाडा. कुसुमताईंना अकराची वेळ दिली होती आणि त्या पावणेअकरापासून दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या. हे मला पुढे खंडूने सांगितलं. त्यांच्या मांडीवर सतरा पानं होती आणि त्या खंडूला मामा म्हणून त्याच्या गावाची चौकशी करत होत्या. खंडूने त्यांना आमची भाषाही सांगून टाकली. बझरचा काही भरवसा नाही ताई, तीन टिंग झाल्या की आत जायचं, असं तो म्हणाला.

आत जयसिंगरावांनी माझ्यावर बोट ठेवलं. एक टिंग. खंडू चहा घेऊन आला, बिस्किटंही आली. तो गेला. मग जयसिंगरावांनी टेबलाखाली हात घातला आणि बझरचं बटण दाबलं. काही वाजलं नाही. वाजणार कसं? त्यांनी छताकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा बटण दाबलं. मी त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होते. तीन टिंग, मित्रांनो, फक्त तीन. कुणीच माझ्याकडे हात नेला नाही. प्राचार्यांनी चहात बिस्किट बुडवलं आणि रजिस्टरात लिहिलं, की पुकारा करूनही उमेदवार गैरहजर. तिघांनी सह्या ठोकल्या. मग सह्यांचा शीण आला म्हणून जयसिंगरावांनी मला पुन्हा दाबलं. एक टिंग. आणखी चहा.

दुसरा चहा घेऊन खंडू आला तेव्हा त्याची नजर उघड्या रजिस्टरावर गेली. चौथी शिकलेला माणूस, पण 'गैरहजर' हा शब्द त्याने सोळा वर्षं वाचला होता.

"साहेब, बाई भायेर बसल्यात," तो म्हणाला.

"बझर दाबला तेव्हा नव्हत्या," जयसिंगराव म्हणाले.

"लाईट न्हाई साहेब. बझर वाजलाच न्हाई."

जयसिंगरावांनी त्याला ट्रे ठेवून बाहेर जायला सांगितलं. खंडूने ट्रे ठेवला. पण तो गेला नाही. टेबलाशी आला आणि त्याने जे केलं ते सोळा वर्षांत कुठल्या शिपायाने केलं नव्हतं. त्याने आपलं खरबरीत बोट माझ्या डोक्यावर ठेवलं आणि दाबलं. टिंग. पुन्हा, टिंग. पुन्हा, टिंग. त्या दिवशी मी जशी वाजले तशी पुन्हा कधी वाजले नाही. भिमाजीने मला पातळ केलं होतं ते याच दिवसासाठी, असं मला वाटलं.

दार उघडून कुसुमताई आत आल्या. साधी सुती साडी, घामेजलेलं कपाळ, हातात कागद. तिघांची तोंडं चोरी पकडल्यासारखी झाली. त्यांची वेळ टळून गेली, बझर दाबूनही त्या आल्या नाहीत, असं जयसिंगरावांनी त्यांना सुनावलं. पण चढवलेला आवाज मधेच पडत होता. कुसुमताईंनी पंख्याकडे पाहिलं, मग बिस्किटांच्या बशीकडे, मग माझ्याकडे.

"मी पावणेअकरापासून दारात आहे," त्या म्हणाल्या. "चहाची घंटी मला दोन्ही वेळा ऐकू आली."

निवृत्त अधिकारी कपातला चहा ढवळत राहिले. शेवटी प्राचार्यांनी घसा साफ केला. रजिस्टरात एकदा लिहिलेलं खोडता येत नाही, तसा नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. मानवी हक्कांच्या संस्थेचा पहिला नियम तो. कुसुमताईंनी तेच लेखी मागितलं. ते त्यांना कुणी दिलं नाही. त्या वळल्या आणि निघाल्या. दारात एकदा त्यांनी भिंतीला हात टेकला, तेवढंच. हजेरीपटावर नसलेल्या माणसांसाठी जिने सतरा पानं लिहिली, तिला या थोर लोकांनी गैरहजर लिहून मोकळं केलं. लाज तर त्यांनी चहाबरोबरच पिऊन टाकली होती.

किसनराव संचालक झाले. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी कुसुमताईंच्या आराखड्याची पहिली तीन पानं वाचली, तीही अडखळत. पहिल्या वर्षी 'प्रत्येकाचे म्हणणे ऐका' या विषयावर परिसंवाद झाला आणि त्यात श्रोत्यांना प्रश्न विचारायला वेळ उरला नाही. दुसऱ्या वर्षापासून संस्थेचा हॉल साखरपुड्यांना देऊ लागले. निदान तिथे दोन्हीकडच्या माणसांना विचारून काहीतरी ठरत होतं.

खंडूची दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपच्या फाटकावर बदली झाली. आणि मी? जयसिंगरावांना माझा आवाज नकोसा झाला. मला टेबलावरून उचलून खालच्या कप्प्यात टाकलं. तिथे मी काळी पडले, माझं बटण अडकू लागलं. मग एके दिवशी जुन्या सामानाबरोबर वर्कशॉपच्या भंगाराच्या पोत्यात माझी रवानगी झाली. पण भंगाराचं पोतं कुठून बाहेर पडणार? फाटकातूनच. खंडूने पोतं तपासायला उघडलं, मला ओळखलं आणि भंगारवाल्याकडून मागून घेतलं. रिटायर होईपर्यंत मी त्याच्या जेवणाच्या पिशवीत राहिले. चिंचेचा कोळ लावून त्याने मला घासलं, बटणात तेलाचा थेंब सोडला.

१९८२ साली तो रिटायर झाला आणि मला घेऊन कुसुमताईंकडे गेला. चिंचवड स्टेशनाजवळ पिठाच्या गिरणीमागे त्यांनी एक खोली घेतली आहे. कॉलेज सुटलं की तिथे बसून त्या कंत्राटी माणसांची नावं वहीत उतरवतात. शिक्का नाही, पद नाही, पंखाही नाही. मित्रांनो, याला गोड शेवट समजू नका. ती जागा त्यांची होती आणि ती त्यांना मिळाली नाही. त्यांच्या वहीतली नावं घेऊन कारखान्यात गेलं तर फाटक आजही बंदच असतं. त्याचा राग मला आजही येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

खंडूने मला कुसुमताईंच्या टेबलावर ठेवलं. मग त्यांनी मला उचललं आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, रस्त्याच्या बाजूला ठेवलं.

"मामा, मला कुणाला आत बोलवायचंय?" त्या म्हणाल्या. "ज्याला यायचंय, त्याने वाजवावी."

तेव्हापासून मी बाहेर असते. धूळ बसते, पिठाचा थर बसतो, खंडू आठवड्याला येऊन मला पुसून जातो. तुमची कुणाची पुढे टेबलाची नोकरी झाली आणि टेबलावर माझी एखादी बहीण असली, तर तिला रोज घासू नका एकवेळ. पण एक दिवस दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसा आणि ती कशासाठी वाजते ते ऐका, एवढीच माझी विनवणी आहे.

गेल्या गुरुवारी जयसिंगरावांच्या वर्कशॉपातला एक म्हातारा हेल्पर आला. कामावरून काढला होता, हजेरीपटावर त्याचं नाव कधीच नव्हतं. त्याने मला ओळखलं. त्याने हळूच बटण दाबलं आणि आत सोडायला तीन टिंग लागतात, या जुन्या सवयीने मोजू लागला. दुसरी वाजायच्या आत कुसुमताई उठून दार उघडून उभ्या होत्या.