जोडीतला दुसरा हिरा

भिंग डोळ्याला लावून ताई हिरा उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिली, तशा समोरच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. हिरा खोटा निघाला की काय, असं त्यांनी हळूच विचारलं.

"खोटा कसला," ताई म्हणाली. "थांबा, मला पोटभर बघू द्या."

कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणत. हिऱ्यांना पैलू पाडण्यात तिचा उभा जन्म गेला होता, पण हाताखालून जायचे ते सगळे नव्या घाटाचे. गोल, मापातले, एकासारखा एक. हा धड गोल नव्हता, धड चौकोनी नव्हता. कोपरे उशीसारखे फुगीर, माथा उंच, माथ्यावरचा सपाट भाग लहानसा, पोट खोल. तळाचं टोकसुद्धा घासून सपाट केलेलं, त्यामुळे वरून पाहिलं की आत एक बारीकशी खिडकी दिसायची. तीही नेमकी मध्ये नव्हती, एका अंगाला सरकली होती. यंत्रं येण्याआधी कुणीतरी नुसत्या नजरेच्या अंदाजाने घडवलेला तो दगड होता. असल्या घाटाला ओल्ड माईन कट म्हणतात, हे तिने ऐकलं होतं. हातात आज पहिल्यांदा आला होता.

बाई दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. आईच्या कुड्यांची जोडी दोघी बहिणींनी वाटून घेतली होती, प्रत्येकीच्या एका कानाला एक. थोरलीची कुडी तिच्या आजारपणात कुठेतरी पडली. आता थोरलीला फारसं काही आठवत नाही, पण दिवसभर कान चाचपत राहते आणि माझा हिरा कुणी घेतला म्हणून विचारते. धाकटीला, म्हणजे या बाईंना, तसाच दुसरा हिरा हवा होता.

मालकांनी सोपा मार्ग सुचवला. दुसरा नव्या घाटाचा घेऊ आणि हा जुनाही तसाच घासून देऊ, म्हणजे दोन्ही सारखे होतील आणि चमकतीलही जास्त. धाकटीने नकारार्थी मान हलवली.

"चमकतील हो. पण तिला तो तिचा वाटणार नाही."

मालक काही बोलायच्या आत ताई बोलून गेली, "मी करते, असाच दुसरा."

तशाच पिवळसर झाकेचा कच्चा दगड मालकांनी फिरून फिरून मिळवला. तसा दुसरा मिळण्यासारखा नव्हता. बिघडला तर संपलं.

जेवणाच्या सुट्टीत ताई जवळजवळ धावतच घरी गेली. नवरा खिडकीपाशी बसला होता. पैलू पाडणं तिला त्यानेच शिकवलेलं. हात कापायला लागले तसं त्याने काम सोडलं, आणि तेव्हापासून तो कारखान्याच्या रस्त्यानेसुद्धा जात नसे. तिने चपला न काढताच सगळं सांगितलं. तो ताठ बसला.

"खिडकी सरकलेली आहे? कुठल्या अंगाला?"

तिने ताटलीत बोटाने काढून दाखवलं. मग तो सुटलाच. सगळ्यात आधी लोक नुसतं वरचं टोक घासून सपाट करायचे, तो टेबल कट. मग रोझ कट, तळ सपाट आणि वर कळीसारखा फुगवटा. ओल्ड माईन त्यांच्या नंतरचा. तेव्हा रात्री दिवे मिणमिणते, म्हणून पैलू मोठे ठेवायचे. चमचम कमी, पण दगड हलला की एकदम सबंध ज्योत पेटल्यासारखा. बोलता बोलता त्याने दोन्ही हात वर केले. ते थरथरत होते आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"ती खिडकी चुकून सरकलेली नाही गं. दगडच तसा असणार. वाया जाऊ नये म्हणून घडवणाऱ्याने पोट तिकडे वळवलं."

"पण माझा दगड सरळ आहे," ताई म्हणाली. "मला मुद्दाम वाकडं करावं लागणार."

तो हसला, आणि मग दुसरीकडे बघत म्हणाला, "मी येऊ का?"

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या शेजारी स्टुलावर बसू लागला. माथ्याचे पैलू झरझर झाले. ताई घटकेघटकेला दोन्ही दगड शेजारी ठेवून पाही, आणि साम्य दिसायला लागलं की तिला लहान मुलीसारखं हसू फुटे. पोटाचे पैलू पाडताना मात्र हात ऐकेना. इतकी वर्षं जो हात सरळच चालला, तो वाकड्याकडे नेला की आपसूक सरळावर यायचा. एकदा तर तिने चिडून दगड पकडायची दांडी खाली ठेवली आणि पाणी पिऊन आली.

"डोळ्यांनी माप घेऊ नकोस," नवरा म्हणाला. "जुन्याकडे एकदा बघ आणि मग त्याला विसरून जा."

शेवटच्या पैलूला घासायची चकती एकाएकी किंचाळली. ताईला काही कळायच्या आत नवऱ्याचा आवाज आला, "उचल!" तिने उचलला. भिंगातून पाहिलं, तडा नव्हता. दगडाची नस आडवी आली असेल, थोडा फिरवून लाव, असं तो डोळे मिटून सांगत होता. तिने कणभर फिरवला. पुन्हा कर्कश. आणखी फिरवला, तेव्हा चकतीचा आवाज मऊ झाला आणि त्याने डोळे मिटूनच मान डोलावली.

दगड धुऊन तिने वरून पाहिलं. आत खिडकी होती, एका अंगाला सरकलेली. ताईने भर कारखान्यात नवऱ्याचा हात घट्ट धरला. आजूबाजूचे कारागीर उठून बघायला आले, मालकही आले. भिंग या हातातून त्या हातात फिरत राहिलं.

कुड्या घडवून तयार झाल्या त्या दिवशी धाकटी थोरलीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. वाटेत तिने थोरलीला काहीच सांगितलं नव्हतं. ताईने दोन्ही कुड्या मखमलीवर ठेवून पुढे केल्या. थोरलीने एक उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली आणि मूठ मिटली.

"हा माझा."

तिने उचलला होता तो जुना, धाकटीचा. ताईने तोंड उघडलं, पण धाकटीने नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी तिने आरसा पुढे सरकवला.

थोरलीच्या कानात धाकटीने तो हलक्या हाताने घातला, मळसूत्र फिरवून बसवलं, गालावर आलेले केस मागे सारले. नंतर मखमलीवर राहिलेला उचलून, आरशात न बघता, आपल्या कानात घातला.

"आता बरं वाटतंय?" तिने विचारलं.

थोरली धाकटीच्या कानाकडे बघत होती. "तुझा पण छान आहे," ती म्हणाली.