बसवून घेतलेलं माप

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. मित्रांनो, असं नाक मुरडून बघू नका. मला येणारा वास माणसाच्या पायाचा आहे, तो मी जन्माला येताना आणला नव्हता. तुम्हाला मित्र म्हणतोय तेही रीत आहे म्हणून. तुम्ही बुटांशी कसे वागता ते मला चांगलं ठाऊक आहे. दारात भिरकावता, टाच चेपून पाय खुपसता, नाडी न सोडताच ओढून काढता. तेव्हा माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. माझ्या घडणीतच एक खोट होती, आणि तिचं खापर एका नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर फुटलं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधोमध आमचं बुटांचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे कामाची खोली. तिथं एक म्हातारा कारागीर आणि त्याची सून काम करतात. म्हातारा माप घेई, चामडं कापी, तळ ठोकी. सून मशीनवर वरचा भाग शिवी. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मशीन धडधडत असलं की म्हातारा मनसोक्त बोलून घेई, आणि मशीन थांबलं की तोंडात खिळे धरून गप्प बसे.

माप घ्यायची त्याची एक पद्धत होती. तो आपल्या ठेंगण्या स्टुलावर बसे, गिऱ्हाइकाला समोर खुर्चीत बसवी, आणि त्याचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेई. मग कागदाची पट्टी गुंडाळून खुणा करी. "पाय मांडीवर आला की सगळं सांगतो मला," असं लोकांना ऐकवी. खरं कारण वेगळंच होतं. उभ्या माणसाचं माप घ्यायचं तर जमिनीवर बसावं लागतं, त्याच्या पायाशी. सुनेला तो एकदा म्हणाला होता, "मी कुणाच्या पायाशी बसत नाही. माझा बापही बसला नाही." चाळीस वर्षं ते खपून गेलं, कारण धडधाकट पाय बसला काय नि उभा राहिला काय, त्यात फार फरक पडत नाही.

मग एका दुपारी ती पोरगी आली, आईचा हात धरून. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करायची, दिवसभर उभी. पोरीचे घोटे कमकुवत होते. पाऊल टाकलं की घोटा आतल्या बाजूला मुरडायचा आणि बाईसाहेब जमिनीवर. शाळेत तिला 'लटपटी' म्हणत. तिचा चौथीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता, बेचाळीस पायऱ्या चढून. त्या जिन्यावर ती दोनदा पडली होती, आणि दुसऱ्यांदा पडताना तिनं एका लहान मुलालाही बरोबर खाली नेलं होतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं की येत्या एक तारखेपर्यंत ही आपली आपण न पडता वर येऊ लागली तर ठीक, नाहीतर खालच्या मजल्यावर बसेल. खालच्या मजल्यावर फक्त पहिलीचा वर्ग होता.

"तिथली बाकं एवढीशी आहेत," पोरगी म्हाताऱ्याला म्हणाली. "माझे गुडघेसुद्धा मावत नाहीत."

"डॉक्टर म्हणाले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट करा," आई म्हणाली. "तुमचं नाव ऐकून आलोय काका. वर्ष वाया जाईल हो तिचं."

म्हाताऱ्यानं पोरीला खुर्चीत बसवलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. पाय अगदी सरळ दिसत होता. दिसणारच. त्यावर भार कुठे होता?

सुनेनं मशीन थांबवलं. "मामंजी, हिला जरा उभी करून बघा ना. घोटा उभं राहिल्यावर सरकतो."

"तू मशीनकडे बघ," म्हातारा म्हणाला.

तर असा माझा जन्म. मला लाकडी पायावर ताणून खिळ्यांनी ठोकलं. आत दोन्ही बाजूंना कडक चामड्याच्या पट्ट्या घातल्या, घोटा धरून ठेवायला. आठ जोड्या भोकं पाडली, मेणाच्या दोऱ्यानं तळ शिवला आणि पॉलिश असं चढवलं की त्यात तोंड दिसावं. दिसायला मी देखणा होतो, त्यात वाद नाही. माझा जोडीदार उजवाही तसाच, फक्त त्याला डोकं कमी. आम्हाला काउंटरवर ठेवलं तेव्हा चष्मेवाला मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "क्या बात है." म्हातारा दोन दिवस फुगून होता. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

पोरगी मला घालून उभी राहिली, आणि माझ्या लक्षात आलं की आपण या पायाचे नाहीच. उभं राहताच तिचं पाऊल बोटभर लांबलं, तळवा सपाट झाला आणि घोट्याचं हाड सरकून थेट माझ्या आतल्या कडक पट्टीवर आदळलं. माझ्यात त्या हाडाला जागाच नव्हती. मी चावलो. दुसरं काय करणार? आठवडाभरात तिच्या घोट्यावर आधी फोड आला, मग जखम झाली. दुखू नये म्हणून ती पाय बाहेरच्या कडेवर टाकू लागली, आणि बाहेरच्या कडेवर चालणारा माणूस जिन्यात पडणार नाही तर काय होईल? चार दिवसांत ती तीनदा पडली.

तिला माझा राग यायचा. घरी पोचली की मला काढून भिंतीवर आपटायची. मलाही ती आवडत नव्हती. तिनं आपटलं की दुसऱ्या दिवशी मी जास्त चावायचो. आमचा तो काळ आठवला की मला अजून स्वतःची लाज वाटते. चूक तिची नव्हती, माझीही नव्हती, पण एकमेकांच्या तावडीत आम्ही दोघंच सापडलो होतो.

आई दुकानात आली. "काका, फार चावतात हो. बाईंसाठी एक चिठ्ठी द्याल का, की बूट पायात बसायला अजून महिना लागेल म्हणून? म्हणजे तेवढी मुदत मिळेल."

म्हाताऱ्याला ते शब्द झोंबले. त्यानं कागद घेतला आणि लिहिलं, 'बुटांत काही दोष नाही. मुलगी आळशी आहे, पाय नीट टाकत नाही.' खाली सही ठोकली, घडी घातली, आईच्या हातात दिली. बिचारीनं ती तशीच मोठ्या बाईंना नेऊन दिली. बाईंनी ती पोरीसमोर मोठ्यानं वाचली.

त्या संध्याकाळी आई इस्त्री करून दमलेल्या हातानं स्वयंपाक करत होती. पोरीनं विचारलं, "तुला पण तसंच वाटतं?" आई म्हणाली, "एवढा नावाजलेला माणूस लिहून देतो, तो काय वेडा आहे? खरं सांग, नाटकं करतेस ना तू?" पोरगी रडली नाही. तिनं मला उचललं, पण आपटलं मात्र नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली, आणि मला ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती अनवाणी, आम्हाला हातात घेऊन, एकटीच दुकानात आली. म्हातारा जेवायला गेला होता. तिनं मला काउंटरवर आदळलं. "घ्या तुमचे बूट."

सुनेनं मला उलटा केला आणि टाच बघितली. "घोटा आत मुरडतो तुझा, मग टाच आतून झिजायला हवी. ही बाहेरून झिजलीय. बाहेरच्या कडेवर चालतेस?"

"आत टेकला की चावतो."

सुनेनं जमिनीवर जाड कागद अंथरला, पोरीला त्यावर उभं केलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग तिला खुर्चीत बसवून त्याच कागदावर दुसरी रेघ काढली. दोन रेघांमध्ये आतल्या बाजूला बोटभर अंतर पडलं. एवढ्यात म्हातारा ढेकर देत आत आला. सुनेनं कागद त्याच्यासमोर धरला.

त्यानं दोन रेघांमध्ये बोट ठेवून बघितलं. मग त्यानं रापी उचलली आणि मला उसवायला बसला. चूक झाली, असं म्हणाला नाही. पोरीकडे पाहिलंही नाही. चामडं कापायच्या त्या पात्यानं त्यानं माझा तळ सोलून काढला. मला नव्या लांब लाकडी पायावर चढवलं. टाचेची आतली बाजू पुढे वाढवली, म्हणजे तळवा खचणार नाही. आतली पट्टी मागे सरकवली आणि घोट्याच्या हाडासाठी मऊ चामड्याची खोलगट जागा केली. माझ्यामागून उजव्यालाही तेच. दुखलं मला, खूप दुखलं. पण पोरीनं पाय घातला तेव्हा तिचा घोटा त्या जागेत जाऊन बसला आणि मी पहिल्यांदा कुणाला न चावता धरलं.

एक तारखेला ती बेचाळीस पायऱ्या चढली. एकटी, कठड्याला हात न लावता. मला वाटलं, झालं, जिंकलो. वर मोठ्या बाई उभ्या होत्या.

"आज आलीस ना बरोबर?" त्या म्हणाल्या. "म्हणजे आधीही येता येत होतं. बूट तेव्हाही चांगलेच होते, तसं लेखी आहे माझ्याकडे. मग त्या लहान मुलाला काय मुद्दाम पाडलंस? जा, दप्तर घेऊन खाली."

बघा, मित्रांनो, तुमचा न्याय. वर चढली हाच तिच्याविरुद्ध पुरावा. तो मुलगा तर आमचा जन्म होण्याआधीच पडला होता, पण रागावलेला माणूस तारखा कुठे तपासतो?

पोरगी पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. शाळा सुटल्यावर थेट दुकानात. "दुसरी चिठ्ठी द्या," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

"मी लिहिलेलं बदलत नाही."

सुनेनं मशीन थांबवलं आणि त्यावर कापड झाकलं. "मग मीही उद्यापासून शिवत नाही, मामंजी. पोरीला आळशी म्हणणाऱ्या दुकानात मी काम करणार नाही."

"जा की मग," म्हातारा म्हणाला. पण नंतर बोलायला मशीनचा आवाज नव्हता, आणि त्या शांततेत त्याला स्वतःचंच चावणं ऐकू येत असावं, कारण त्या रात्री म्हणे तो जेवण अर्धं टाकून उठला.

सकाळी शाळेच्या जिन्याच्या तळाशी तो हजर. धुतलेला सदरा, काखेत त्या कागदाची गुंडाळी. पोरीनं त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. तो मोठ्या बाईंकडे आलाय हे तिनं ओळखलं, आणि दोघं चढू लागले, ती पुढे, तो मागे. विसाव्या पायरीवर त्याला दम लागला. ती थांबली नाही. थांबण्याचं काही कारणही नव्हतं.

मोठ्या बाईंची खोली वर, चौथीच्या वर्गाला लागून होती. म्हातारा दारातच उभा राहिला. "चिठ्ठी चुकीची आहे," तो धापा टाकत म्हणाला. "दोष बुटात होता. माप मी चुकवलं. पोरगी आळशी नाही."

बाईंनी पोरीला बाकावर बसवलं, बूट काढायला लावले आणि तिच्या पायांकडे पाहिलं. "पाय तर सरळ आहेत, आजोबा. तुम्हाला हिच्या आईनं पाठवलंय का?"

"बसल्यावर सरळच दिसतात. मीही तिथंच फसलो." मग तो पोरीला म्हणाला, "ऊठ. इथं ये, माझ्यापुढे उभी राहा."

ती उभी राहिली. आणि तो म्हातारा, कुणाच्या पायाशी न बसणारा, दाराची चौकट धरून आधी एका गुडघ्यावर आला, मग दुसऱ्या. त्यानं कागद उलगडला, त्यावर तिचं पाऊल ठेवलं आणि घोट्याखाली अंगठा लावला. "हे बघा, भार आला की हाड इकडे येतं. ही जागा मी ठेवली नव्हती. हिनं तसल्या बुटात तुमचा जिना चढायचा प्रयत्न केला. माझ्याच्यानं नसता झाला." जखमेची खूण अजून होती. त्यावर त्याचं बोट थांबलं. "माफ कर, पोरी," तो तिच्या पायाला म्हणाला. वर बघायची हिंमत झाली नाही त्याची.

बाईंनी चिठ्ठी फाडली. "दप्तर वर आण," एवढंच म्हणाल्या. त्यांनी माफी मागितली नाही, हे मी विसरलेलो नाही.

घंटा झाली. पोरीनं मला घातलं, नाडी बांधली. म्हाताऱ्याला मात्र उठता येईना. पोरीनं हात पुढे केला. माया बिया काही नाही, तो दारात आडवा बसला होता आणि तिला वर्गात जायचं होतं. पण त्याला ओढताना तिचा सगळा भार डाव्या पायावर आला, आणि मी त्या दोघांनाही सांभाळलं. माझ्या आयुष्यात मी एवढंच एक मोठं काम केलं.

चौदा महिन्यांनी तिचे पाय वाढले आणि आम्ही दुकानात परत आलो. आता मी खिळ्याला टांगलेला असतो. मशीन पुन्हा धडधडतं. म्हातारा प्रत्येक गिऱ्हाइकाला खेकसून सांगतो, "उभे राहा," आणि कण्हत जमिनीवर बसतो. मित्रांनो, मला पॉलिश करू नका, पुसूही नका, माझं काही अडत नाही. पण कुणी पडलं तर त्याला आळशी म्हणायच्या आधी खाली बसा आणि त्याच्या पायांत काय आहे ते बघा. माप घेऊन झालं की म्हातारा मान वर न करता हात पुढे करतो, आणि गिऱ्हाईक त्याला उठवतं.