एकवीस दिवसांचा नियम

कॉलेज १८८९ सालचं. दाराच्या कमानीवर ते साल कोरलेलं होतं, आणि त्याचा अभिमान एवढा, की गळकं छप्पर आणि तुंबलेले संडासही जुनेपणाच्या नावावर खपून जात. प्लेगच्या वेळचा एक नियमही तसाच जपलेला होता. वसतिगृहात ज्याला ताप येईल त्याने त्याच दिवशी घर गाठायचं आणि एकवीस दिवस परत फिरकायचं नाही. प्लेग कधीच गेला, नियम मात्र राहिला.

२००४च्या फेब्रुवारीत, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल पाच दिवसांवर असताना हरेशला ताप भरला.

हरेश पडघ्याच्या पलीकडच्या खेड्यातला. बाप नाही, आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाणारी. त्याच्या खोलीतला मनोज काल्हेरचा. बापाची जमीन गोदामांखाली गेलेली, घरी पैशाला तोटा नाही. अभ्यास होत नाही म्हणून पोराला इथे आणून कोंबलेला. मनोज नापास झाला असता तर घरी चार शिव्या बसल्या असत्या. हरेशचं मात्र सगळंच बसलं असतं.

"मला घरी नको धाडू," हरेश म्हणाला. "पोरगा यंदा नोकरीला लागतोय, असं आय अख्ख्या गावाला सांगून बसलीय. पाच दिस काढतो कसं तरी."

मनोजही लागला कामाला. सकाळी सहाला घंटा होई, बादल्या घेऊन नळाशी रांग लागे, मग व्हरांड्यात हजेरी. रेक्टर केसरीनाथ सर रजिस्टरातून डोकं वर काढत नसत. हरेशचं नाव आलं की मनोज खांबाआड सरकून बसक्या आवाजात "हजर" म्हणे. सगळीच पोरं एकमेकांसाठी अशी ओरडत. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. मग मेसची पातळ डाळ खोलीवर आणायची, तापाच्या गोळ्या आणायच्या, हरेशचं अपुरं जर्नल पुरं करायचं. बाहेर दिवसभर शेजारचे यंत्रमाग खडखडत आणि हरेश कानावर उशी दाबून पडून राही.

दुसऱ्या दिवशी त्याला उजेड सोसेना. मनोजने खिडकीला चादर बांधली. तिसऱ्या दिवशी मान वाकेना.

"आता सरांना सांगतो," मनोज म्हणाला.

हरेशने त्याचं मनगट धरलं. "आयची शपथ हाय तुला."

मनोज शपथेला भ्यायला. मूर्ख कुठला! चौथ्या सकाळी हजेरी देऊन तो परतला, तेव्हा हरेश त्याला ओळखेना. रिक्षात घालून त्याने त्याला दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर, डॉक्टर म्हणाले, आणि इतके दिवस काय करत होतात, असंही म्हणाले. दुपारी हरेश गेला.

गावच्या किराणा दुकानात फोन केला. उन्हं कलायच्या आत त्याची आई, बायजाबाई, आली. डॉक्टर भेटायच्या आधीच केसरीनाथ सर रजिस्टर घेऊन तिच्यापुढे उभे राहिले.

"हे बघा बाई, आज सकाळपर्यंत मुलगा हजर आहे. आजारी नव्हताच. आजारी मुलगा आम्ही ठेवतच नाही."

बायजाबाईला वाचता येत नव्हतं. रजिस्टरातल्या खुणांवरून तिने बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मंग मीच मारला त्याला. रविवारी सुकटीची चटणी धाडली व्हती. जरा वास येत व्हता, तरी धाडली. तीच बाधली माझ्या लेकराला."

सर आता काहीतरी बोलतील म्हणून मनोज थांबला. सरांनी रजिस्टर मिटलं. खरं सांगावं तर तोंडावरची परीक्षा गेली, कॉलेजही गेलं. गप्प बसावं तर ही बाई जन्मभर स्वतःला पोराची वैरीण म्हणत जगणार. मनोजला स्वतःची लाज वाटली. तो तिच्या पायाशी बसला.

"चटणीनं न्हाय, मावशी. चटणी सगळी मीच खाल्ली. त्याला चार दिवस ताप व्हता. हजेरी मी देत व्हतो."

"मनोज!" सर ओरडले.

बायजाबाईचं रडणं थांबलं.

"चार दिस? नि मी चार दिस वाल खुडत व्हते रं. टमटमनं तासाभराची वाट हाय."

ती आता मारेल म्हणून मनोज मान खाली घालून बसला. तिने हात उचलला नाही.

"माझं नाव काढलं व्हतं का त्यानं?"

"काढलं व्हतं," मनोज म्हणाला. "आयला कळवू नको, म्हणायचा."